आधी खुर्ची हलव, मग माईक

प्रश्न विचारणारा पोरगा बेळगावातल्या वडगावचा. दहा बाय बाराची खोली, वर स्लॅब, खाली गुळगुळीत फरशी. मोठ्या पोटाची ड्रेडनॉट गिटार, एक कंडेन्सर माईक, माईक लॅपटॉपला जोडणारा दोन चॅनेलचा इंटरफेस आणि लॅपटॉप एवढा त्याचा संसार. स्वतः चाली लावतो, गातो, गिटारही स्वतःच वाजवतो. त्याचे शब्द असे: "सर, माईक बरोब्बर होलसमोर ठेवलोय खरं आवाज नुसता घुमालाय बगा. वर बाजूच्या यंत्रमागांचा खडखडाट पण येतोय. दुसरा माईक घेऊ काय? आणि गाणं आणि गिटार एकदम रेकॉर्ड करू की वेगवेगळं?"

दुसरा माईक आत्ता घेऊ नकोस. आहे तो होलसमोरून, म्हणजे गिटारच्या गोल भोकासमोरून, काढ आणि गिटारची मान जिथं पोटाला मिळते त्या बाजूला, बाराव्या फ्रेटसमोर (मानेवरच्या बाराव्या आडव्या पट्टीसमोर), वीतभरापेक्षा थोडा लांब ठेव. घाईत असशील तर एवढंच कर, निम्मं काम होईल. उरलेलं निम्मं खोलीचं आणि खुर्चीचं आहे, आणि ते जरा निवांत सांगावं लागेल.

मी २५ वर्षं हेच काम करतोय. भजनी मंडळं, शाळांची स्वागतगीतं, लग्नातल्या मंगलाष्टका, दुकानांच्या जाहिराती; सकाळी कन्नड, दुपारी मराठी. माझ्याकडे येणारा दर दुसरा गिटारवाला माईक होलसमोरच लावायला सांगतो. त्यांची चूक नाही. आवाज त्या भोकातून बाहेर पडतो असं आपण सगळेच समजतो. पण एकदा रिकाम्या घागरीत तोंड घालून 'ओ' करून बघ, आणि सूर हळूहळू वर-खाली कर. एका ठरावीक सुराला घागर दणदणायला लागते, बाकीच्या सुरांना गप्प बसते. गिटारचं पोट म्हणजे तीच घागर. आतली हवा त्या गोल तोंडातून आत-बाहेर हिंदकळते, आणि ड्रेडनॉटच्या बाबतीत तो सूर साधारण १०० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १०० कंपनांच्या, आसपास येतो. सहाव्या तारेवर तिसरा फ्रेट धरलास की ९८ हर्ट्झ, म्हणजे जी. आता आठव, तुझं घुमणं सगळ्यात जास्त जी कॉर्डला होतं की नाही? तिथंच ते होतं. होलसमोर माईक ठेवणं म्हणजे घागरीच्या तोंडाला कान लावून बसणं.

आपल्याकडच्या लोकांना हे तंबोऱ्यावरून पटकन कळतं. तंबोरा जुळवणारा माणूस भोपळ्याला कान लावतो, ब्रिजपाशी, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीपाशी, दोऱ्याची जागा केसभर सरकवतो आणि जवारी, म्हणजे तारेचा झंकार, उघडते. तार तीच, भोपळा तोच. वाद्याचा आवाज एका जागेतून येत नाही, तो अंगभर पसरलेला असतो. गिटारचंही तसंच आहे. तारांची चकाकी मानेकडून येते, नखांचा आणि पिकचा (तारा छेडायच्या तुकड्याचा) आवाज जिथं वाजवतोस तिथून, लाकडाचा मधला भरीव आवाज ब्रिजच्या मागच्या रुंद भागातून आणि ढोलपणा होलमधून. या सगळ्याचं मिश्रण कानाला गोड लागतं, कारण ऐकणारा चार-पाच फुटांवर बसलेला असतो आणि तिथं पोहोचेपर्यंत ते नीट मिसळलेलं असतं. माईकला तू वीतभर अंतरावर आणतोस तेव्हा ते मिसळायच्या आधीच पकडतोस. म्हणून जागा निवडणं आलं.

तुझ्या घुमण्याला मात्र एकटं होल कारण नाही. तिघांनी मिळून ते केलंय. दुसरा भागीदार माईक स्वतः. तुझा माईक कार्डिऑइड असणार, म्हणजे समोरचं ऐकणारा आणि पाठीमागचं टाळणारा. असले माईक आवाजाच्या फार जवळ नेले की खालचा खर्ज आपोआप फुगतो. आकाशवाणीवरचे निवेदक माईकजवळ सरकून आवाज भारदस्त करतात ती हीच युक्ती. निवेदकाला ती शोभते, गिटारला चिखल करते. ऑम्नी माईकला, म्हणजे चहूबाजूंनी ऐकणाऱ्याला, हा प्रकार होत नाही. पण तुझ्या शेजारी माग आहेत म्हणून ऑम्नीचा विचार सोड.

तिसरा भागीदार खोली, आणि हा कुणाच्या लक्षात येत नाही. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. बारा फुटांच्या दोन समोरासमोर भिंतींमध्ये एक लाट ४७ हर्ट्झला उभी राहते, म्हणजे तिथंच अडकून घुमत राहते, आणि तिची दुप्पट ९४ हर्ट्झला. दहा फुटांत तेच आकडे ५६ आणि ११२. म्हणजे तुझ्या गिटारचं पोट १०० ला घुमतं आणि तुझी खोली त्याच्या अलीकडे-पलीकडे, ९४ आणि ११२ ला, घुमायला टपून बसलेली आहे. स्लॅबही दहा फुटांवर असेल तर ११२ दोनदा मोजायचा.

यावरचा उपाय फुकटचा आहे. ही दुप्पटवाली लाट भिंतीपाशी आणि खोलीच्या बरोबर मध्यावर सगळ्यात जोरात असते, आणि भिंतीपासून पाव अंतरावर सगळ्यात क्षीण. बहुतेक जण खोलीच्या मधोमध खुर्ची टाकतात, कारण तिथं जागा असते आणि वरती दिवा असतो. तू बारा फुटांच्या बाजूनं एका भिंतीपासून तीन-साडेतीन फुटांवर बस, आणि लांबीच्या दिशेनं तोंड कर. दहा फुटांच्या बाजूनंही मध्य सोडून जरा एका अंगाला हो. कोपऱ्यात मात्र बसायचं नाही, कोपरा म्हणजे सगळ्या लाटांचा अड्डा. खुर्ची फूटभर सरकवून प्रत्येक ठिकाणी तीच जी कॉर्ड वाजव आणि रेकॉर्ड कर. चार ठिकाणचे चार तुकडे ऐकलेस की मी इथं काय लिहिलंय ते वाचायचीही गरज राहणार नाही.

आता गोधड्या. लोक आधी माईकच्या मागच्या भिंतीवर फोम चिकटवतात, कारण फोटोंत तसं दिसतं. विचार कर, कार्डिऑइड माईक पाठीमागचं कमी ऐकतो. त्याचं तोंड तुझ्याकडे आहे. म्हणजे तो तुला ऐकतो आणि तुझ्या पाठीमागच्या भिंतीवरून आपटून येणारं सगळं ऐकतो. जाड रजई, दोन-तीन गोधड्या एकावर एक, जे काय असेल ते तुझ्या पाठीमागे टांग. भिंतीला चिकटवू नकोस, कपडे वाळत घालायच्या दोरीवर भिंतीपासून फूटभर पुढं टांगलंस तर जास्त काम करतं. साड्यांनी गच्च भरलेलं कपाट असेल तर दारं उघडून त्याच्याकडे पाठ करून बस. आईला आधी विचार. खाली सतरंजी हवीच, कारण गिटारचा आवाज खालच्या फरशीवर आपटून लगेच माईकमध्ये येतो आणि चकचकीत, डबा वाजवल्यासारखा होतो. अंड्यांचे ट्रे भिंतीला लावू नकोस. दिसायला स्टुडिओ, कामाला शून्य. एक इंची पातळ फोमचंही तेच. तो वरचा आवाज खातो आणि खालचं घुमणं तसंच ठेवतो, मग खोली अजूनच कोंदट वाटते. १०० हर्ट्झची लाट साडेतीन मीटर लांब असते, ती एक इंचाला काय भीक घालणार.

जुनी घरं या बाबतीत चांगली. खानापूरकडं एका मित्राच्या घरी, मातीच्या जाड भिंती, वर लाकडी माळा आणि कौलं, कोपऱ्यात भाताची पोती. तिथं मी कसलीही तयारी न करता गिटार रेकॉर्ड केली आणि ती मला आजही माझ्या खोलीतल्या रेकॉर्डिंगपेक्षा जास्त आवडते. ओळखीत कुणाचं असं घर असेल तर लॅपटॉप उचल आणि जा. फक्त पावसाळ्यात नको, कौलांवरचा पाऊस कुठल्याच सॉफ्टवेअरनं निघत नाही.

तर आता माईक. बाराव्या फ्रेटसमोर, २५ ते ३० सेंटिमीटर अंतरावर, तारांच्या उंचीला. तोंड सरळ मानेवर रोखू नकोस, किंचित पोटाकडे वळव, म्हणजे मान आणि पोट जिथं जुळतात तिकडं. होलकडं बघायचं नाही. नुसता माईक होलपासून लांब नेलास पण तोंड तिकडंच ठेवलंस तर घुमणं कमी होतं, पण संपत नाही. इथून पुढं मापं विसर आणि कान वापर. आवाज पातळ, तारा-तारा वाटला तर माईक होलच्या दिशेनं दोन बोटं सरकव. जाड वाटला तर मानेकडे. फार बोटांचा, घसटण्याचा आवाज येत असेल तर थोडा लांब घे. प्रत्येक वेळी दोन बोटं, हातभर नाही. मी कित्येकदा पाऊण तास यात घालवतो आणि मग गाणं वाजवायला चार मिनिटं लागतात.

ऐकायची एक जुनी पद्धत सांगतो. मित्राला गिटार वाजवायला बसव, एका कानात बोट घाल आणि दुसरा कान माईक असल्यासारखा गिटारभोवती फिरव. माईकला एकच कान असतो. दोन कानांनी ऐकताना आपला मेंदू खोलीचा घुमारा बाजूला काढून आपल्याला चांगलं तेवढं ऐकवतो, म्हणून समोर बसून छान वाटणारी गिटार रेकॉर्डिंगमध्ये विहिरीतून आल्यासारखी वाटते. एक कान बंद केला की ती लबाडी थांबते. जिथं एका कानाला बरं वाटेल तिथं माईक. हे एकट्याला करायचं असेल तर बंद कपांचे हेडफोन घालून वाजवत राहा आणि माईकऐवजी स्वतः हल, गिटार किंचित डावीकडं-उजवीकडं वळव. बरी जागा सापडली की खुर्चीच्या पायांभोवती फरशीवर खडूनं खुणा कर. दुसऱ्या दिवशी दुसरं कडवं वाजवायला बसशील तेव्हा त्या खुणांची किंमत कळेल.

बाराव्या फ्रेटची जागा कुणाला आवडली नाही तर मी दोन पर्याय करून बघतो. एक, ब्रिजच्या मागच्या रुंद भागासमोर, थोडा लांब, ३५-४० सेंटिमीटरवर. आवाज लाकडी, मधल्या पट्टीचा, जुन्या पद्धतीचा येतो. बोटांनी वाजवणाऱ्यांना बरा, जोरात झोडपणाऱ्यांना नाही. दुसरा, वाजवणाऱ्याच्या उजव्या खांद्यावरून, कानाच्या बाजूनं, खाली गिटारकडं बघणारा. वाजवणाऱ्याला स्वतःला जसं ऐकू येतं तसं काहीसं मिळतं. श्वास मात्र ऐकू येतो, आणि काही जण वाजवताना स्वतःशी गुणगुणतात, तेही.

मोठ्या डायफ्रॅमचा माईक असेल, म्हणजे बाजूनं आवाज घेणारा जाडसर, तर त्याचं तोंड कुठलं ते आधी बघ. सहसा कंपनीचं चिन्ह किंवा कार्डिऑइडची बदामासारखी खूण ज्या बाजूला, तिकडून ऐकतो. हसू नकोस. सुरुवातीच्या काळात मी एका भजनी मंडळाची अख्खी संध्याकाळ माईकच्या पाठीत रेकॉर्ड केली होती. गेन, म्हणजे माईकचा आवाज वाढवायचं बटण, वाढवत राहिलो, माईक बिघडलाय असं त्यांना सांगितलं, आणि रात्री घरी गेल्यावर ती खूण दिसली. पुढच्या आठवड्यात सगळ्यांना परत बोलावलं, चहा-खारीचा खर्च माझा.

गेनबद्दल एकच. सगळ्यात जोरात वाजवशील ते वाजव आणि मीटरचा शेंडा उणे १२ डीबीच्या (डीबी म्हणजे आवाजाच्या पातळीचं माप) आसपास राहील असं लाव. उणे १० ला गेला तरी काही बिघडत नाही, पण शून्याला एकदा जरी टेकला तर तो टेक, म्हणजे ते एका वेळचं रेकॉर्डिंग, गेला. २४ बिटवर रेकॉर्ड करत असशील तर आवाज कमी भरला म्हणून काही नुकसान होत नाही, नंतर वाढवता येतो. कॅसेटच्या जमान्यात फित सूं करायची म्हणून आम्ही मीटर लाल होईपर्यंत भरायचो, ती सवय आता टाकून द्यायची. खालचा आवाज कापायचा फिल्टर लावायचा असेल तर ८० हर्ट्झच्या खाली, कारण सहाव्या मोकळ्या तारेचा सूर ८२ हर्ट्झला आहे. तिसऱ्या फ्रेटला कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबणारा चिमटा, असेल तर थोडा वर नेता येईल. घुमणं फिल्टरनं कापू असं मनात आणू नकोस. घुमण्याबरोबर गिटारचा जीवही जातो.

आता तुझे माग. शहापूर, वडगाव, खासबाग या भागात राहणाऱ्याला हे दुखणं आहेच, माझीही आजी याच आवाजात झोपायची आणि माग बंद पडला की जागी व्हायची. त्या खडखडाटातला वरचा भाग खिडकीतून येतो आणि खालचा धक्का भिंतीतून, जमिनीतून. खिडकीवर गोधडी टाकलीस तर वरचा बराच कमी होईल. कार्डिऑइड माईकची पाठ बरोबर खिडकीकडं कर, तिकडून तो सगळ्यात कमी ऐकतो. म्हणजे खिडकी तुझ्या समोर, माईक मध्ये, आणि तुझ्या पाठीमागे रजई. बसायची जागा यावरून ठरव. जमिनीतून येणाऱ्या धक्क्यासाठी स्टँडच्या पायांखाली जाड घडीचं पोतं किंवा जुन्या टायरचे तुकडे घाल. मागांचा खालचा ठोका मात्र भिंतीतून थोडा येणारच, तो पाठ फिरवल्यानं जात नाही. माईक जवळ घेतलास तर गिटार मोठी आणि माग लहान होतो: अंतर निम्मं केलंस की गिटार ६ डीबीनं वाढते, माग आहे तिथंच राहतो. पण जवळ गेलास की खर्ज फुगतो हे वर सांगितलंच. म्हणून २५ सेंटिमीटरच्या आत सहसा जाऊ नकोस.

आणि आपल्या गावची खरी युक्ती ही: करंट गेला की रेकॉर्डिंग. माग थांबतात, पंखा थांबतो, शेजारचा मिक्सर, बोअरची मोटार, फ्रिज, सगळं एकदम गप्प होतं. लॅपटॉप बॅटरीवर चालतो, इंटरफेस लॅपटॉपच्याच यूएसबीवर चालतो, माईकला लागणारे ४८ व्होल्टही तिथूनच मिळतात. वर्तमानपत्रात वीजपुरवठा बंद राहणार अशी बातमी आली की लोक शिव्या घालतात आणि मी गिटारवाल्यांना फोन करतो. खुर्चीच्या खुणा, माईकची जागा, गेन हे सगळं आदल्या दिवशी ठरवून ठेव. करंट गेल्यावर फक्त वाजवायचं. करंट असतानाही टेकच्या वेळी चार्जर काढून बघ; बऱ्याच घरांत अर्थिंग नीट नसतं आणि तो गुंईं आवाज चार्जरमधूनच येत असतो. काढल्यावर थांबला तर कारण सापडलं. मग इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग दाखवून घे, ते नुसतं रेकॉर्डिंगसाठी नाही.

तारांचं पण सांगायला हवं. महिनोन् महिने घामानं काळ्या पडलेल्या तारांवर जगातला कुठलाही माईक लावलास तरी आवाज गोणपाट झाकल्यासारखाच येणार. नव्या तारा रेकॉर्डिंगच्या दिवशी घालू नकोस, आदल्या दिवशी घाल, ताणून घे, वाजव, म्हणजे सूर धरतात आणि बोटं सरकताना होणारी किरकिरही थोडी कमी होते. आणि दर टेकआधी सुरात लाव. घड्याळ काढ, शर्टाची बटणं गिटारच्या पाठीवर घासत असतील तर बनियनवर बस. खुर्ची करकरणारी असेल तर स्टूल.

दुसऱ्या माईकचं. नको म्हणालो त्याचं कारण पैसा नाही, दोन माईक एकमेकांशी भांडतात हे आहे. गिटारपासून एक माईक जवळ आणि दुसरा १७ सेंटिमीटर लांब असेल तर दुसऱ्याला तोच आवाज अर्धा मिलिसेकंद उशिरा मिळतो. दोन्ही एकत्र केले की १००० हर्ट्झपाशी एक चढतो तेव्हा दुसरा उतरतो आणि तिथला आवाज खाल्ला जातो. पुढं ३००० ला परत, ५००० ला परत. कंगव्याचे दात पडावेत तसे. हेडफोनवर हे कळत नाही, कारण एक माईक डाव्या कानाला आणि दुसरा उजव्या. उलट भारी वाटतं, रुंद वाटतं.

मी हे गणपतीत शिकलो. एका गल्लीतल्या मंडळासाठी गाणं केलं होतं, गिटारवर दोन माईक, मोठ्या हौसेनं लांब-लांब ठेवलेले. माझ्या खोलीत सगळे माना डोलावून गेले. मंडपात लागलं कर्ण्यावर. कर्णा म्हणजे मोनो, डावं-उजवं सगळं एकात. गायक नीट, ढोलकी नीट, आणि गिटार पत्र्याच्या डब्यात बसून वाजवल्यासारखी, निम्मी गायब. कार्यकर्ते म्हणाले, "सर, गिटारवाला आला नव्हता काय?" तेव्हापासून काहीही ऐकताना मी आधी मोनोचं बटण दाबतो. तुझंही गाणं लोक मोबाईलच्या एकाच स्पीकरवर ऐकणार आहेत, हे धरून चाल.

पुढं कधी दुसरा माईक घेतलासच तर तो पहिल्याचा जुळा भाऊ असावा आणि सुरुवात एक्स-वाय पद्धतीनं करावी: दोन्हींची तोंडं एकमेकांवर जवळजवळ टेकलेली, मध्ये ९० अंशांचा कोन. आवाज दोघांकडं एकाच वेळी पोहोचतो, म्हणून भांडण नाही. फार रुंद वाटत नाही, पण कर्ण्यावरही टिकतं. दोन माईक लांब-लांब ठेवायचेच असतील, एक बाराव्या फ्रेटवर आणि एक ब्रिजच्या मागे, तर सुतळीचं एक टोक गिटारवर जिथं पिक लागतं तिथं धर आणि दोन्ही माईक त्याच सुतळीच्या मापानं सारख्या अंतरावर लाव. मग मोनो दाबून ऐक. एका चॅनेलचा फेज, म्हणजे लाटेचा चढ-उतार, उलटा करून परत ऐक. ज्यात गिटार भरीव वाटेल ते ठेव.

पण तुला स्टिरिओ हवाच असेल तर एकाच माईकनं होतो. तोच भाग दोनदा वाजव, दोन वेगळ्या टेकमध्ये. एक डावीकडे, एक उजवीकडे. कॉपी करून नाही, खरंच दोनदा. हातांत होणारा बारीक फरकच ती रुंदी देतो. दुसऱ्या वेळी कॅपो लावून त्याच सुरांतले दुसरे आकार धरलेस तर अजून मजा. गाण्यामागं झोडपायची गिटार असेल तर मला दोन माईकपेक्षा हेच जास्त आवडतं. एकट्या गिटारचा नाजूक तुकडा असेल तर दोनदा वाजवू नकोस, एका माईकचा मोनोच ठेव.

गिटारला पिकअप, म्हणजे तारांचा आवाज थेट वायरीत देणारा आतला तुकडा, आहे का ते तू सांगितलं नाहीस. असला तर त्याची वायर इंटरफेसच्या दुसऱ्या चॅनेलला लावून ठेवायला हरकत नाही, पण एकट्यावर विसंबू नकोस. ब्रिजखालच्या पिकअपचा आवाज प्लास्टिकच्या पट्टीसारखा टणटणीत येतो. मागांचा आवाज अगदीच आवरला नाही तर त्यात माईक थोडासा मिसळून काम भागवता येतं.

पावसाळ्यातलं एक सांगून ठेवतो. जून ते सप्टेंबर आपल्याकडं हवेत जो ओलावा असतो तो कंडेन्सर माईकला सोसत नाही. मध्येच तडतड, फुसफुस असा आवाज यायला लागला तर माईक गेला असं समजून धावू नकोस. सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात दोन दिवस ठेव, बहुतेक वेळा सुधारतो. काम झालं की माईक स्टँडवर तसाच ठेवायचा नाही. गिटारलाही ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते; त्यापुढं लाकूड फुगतं, तारा फ्रेटपासून वर उचलल्या जातात आणि आवाज आधीच जड होतो. ऑगस्टमध्ये गिटार घुमते म्हणून माईकला दोष देणारे मी पाहिलेत.

आता गाणं आणि गिटार एकदम की वेगळं. तुझ्याकडं एकच माईक आहे आणि खोली अशी आहे, म्हणून आधी वेगळं कर. गिटार पूर्ण बसव, मग तीच हेडफोनवर ऐकत गा. तरी मला माहीत आहे, स्वतः चाल लावणाऱ्याला वेगवेगळं गाताना अवघडल्यासारखं होतं, लय ताठ होते, शब्द मोजून पडल्यासारखे वाटतात. तसं झालं तर सरळ एका माईकवर दोन्ही घे. माईक ४० ते ५० सेंटिमीटर लांब, छातीच्या उंचीला, तोंड आणि गिटार यांच्या मध्ये. गळा जास्त आला तर माईक खाली कर, गिटार जास्त आली तर वर. मिसळणं रेकॉर्ड करतानाच झालेलं असतं, नंतर बदलता येत नाही, म्हणून चार ओळी घेऊन ऐक, बोटभर सरकव, परत ऐक. या अंतरावर खोली जास्त ऐकू येते, तेव्हा पाठीमागच्या गोधड्या दोनच्या चार कर. शक्यतो उभा राहून गा आणि गिटार पट्ट्यावर थोडी खाली सोड, म्हणजे तोंड आणि गिटारमधलं अंतर वाढतं आणि माईक वर-खाली करायला जागा मिळते. उंची पक्की झाली की स्टँडच्या दांड्यावर खडूची रेघ ओढ, जमिनीवर दोन्ही पावलांभोवतीही ओढ, आणि करंट जायची वाट बघ.